काका गाडी बघायला येतात

आमच्या घरमालकांना एका जागी बसता म्हणून येत नसे. जेवताना दोन घासांच्या मधे उठायचे, पंख्याखाली जाऊन कान वर करायचे आणि "बेरिंग गेलं याचं" असं जाहीर करून परत ताटावर यायचे. लग्नात पंगत सोडून जनरेटरपाशी जाऊन उभे. एकदा एका मयतीला गेले, तर तिथं शेजारच्या घरातली पाण्याची मोटर ऐकून त्या घरच्या माणसाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "बंद कर ती, जळंल." त्यानं ऐकलं नाही, आणि संध्याकाळी मोटर जळलीच. तेव्हापासून नांदेडच्या आमच्या गल्लीत काकांच्या कानाला फार मान. आम्ही तर त्यांचे भाडेकरू, आमचा जास्तच विश्वास.

एसटीच्या वर्कशॉपमधून ते हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झाले होते. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वतःची गाडी कधी घेतली नाही, सायकल होती. सिग्नलला लाल दिवा लागला की सायकलवरून उतरायचे आणि ती ढकलत पायी चौक ओलांडायचे. मी विचारलं तर म्हणाले, "दिवा गाड्यायला हाय. मी पायी चाललो व्हतो." थांबायचं तेवढं नको.

नव्या माणसाशी ओळख झाली की चहा व्हायच्या आत ते पायजमा गुडघ्यापर्यंत वर घ्यायचे आणि दोन्ही पिंडऱ्या दाखवायचे. "ही उजवी. ही डावी. बगा फरक." फरक खरंच होता. डावी पिंडरी चांगली बोटभर जाड होती. वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन निघालेली प्रत्येक बस त्यांनी बत्तीस वर्षं स्वतः रस्त्यावर काढून बघितली होती, आणि त्या वेळच्या बसचा क्लच म्हणजे सगळं अंग टाकून दाबायचा. "इंजिनानं नुसता आवाज बदलला की पाय आपोआप जातो. डोक्याला इचारतच न्हाई," असं मोठ्या कौतुकानं सांगायचे. माझ्या नवऱ्याला हे इतक्या वेळा दाखवून झालं होतं की पायजम्याला हात गेला की तो पेपर तोंडापुढं धरायचा.

माझा डावा पाय मात्र मोडका. मी आरोग्य खात्यात नर्स. ड्यूटीवरून येताना स्कूटीला टेम्पोनं मागून उडवलं आणि घोट्याचा चुरा झाला. आत पट्ट्या आहेत, स्क्रू आहेत, चालता येतं, पण जोर म्हणून लावता येत नाही. तेव्हा आम्ही त्यांच्या माडीवर राहायचो. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आले तर आमचं सगळं बिऱ्हाड खाली लागलेलं आणि काकांचं सामान वर. कुणी काही बोललं नव्हतं. मी रडायला लागले तर म्हणाले, "सिस्टर, वर हवा चांगली येते, मलाच फायदा हाय," आणि आमच्या फ्रिजला कान लावून उभे राहिले.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या साली चौदा वर्षं वाट बघून माझं नाव बढतीच्या यादीत आलं. जागा मात्र भोकरच्या पलीकडं, आडबाजूच्या आरोग्य केंद्रात, आणि काम म्हणजे आठवडाभर गावोगावची उपकेंद्रं फिरायची. एसटी दिवसातून दोनदा. बसची पायरी मला आधाराशिवाय चढवत नाही, क्लच दाबायला डॉक्टरांनी साफ मनाई केलेली. राहिली बिनक्लचची, आपणहून गिअर बदलणारी ऑटोमॅटिक गाडी, आणि नवी झेपणार नव्हती म्हणजे जुनी. माझा नवरा शाळेवर गुरुजी, स्वभावानं चांगला. तो म्हणाला, "कशाला पायाला त्रास? बढती नाकार, हाय तिथंच राहा." माझी आई त्याच भागात लोकांच्या रानात खुरपायला जायची. त्या रस्त्यानं मला गाडी चालवत जायचं होतं, आणि हे कुणाला बोलून दाखवायची मला लाज वाटत होती.

काकांना कळल्यावर त्यांनी हे काम अंगावरच घेतलं. ऑटोमॅटिक गाड्या एसटीत नव्हत्या. मग त्यांनी गॅरेजं पालथी घातली, कुणाकुणाला विचारून एक वही भरली आणि तपासायची रीत ठरवली. पहिली गोष्ट, गाडी थंड सापडली पाहिजे. मालकाला अकराची वेळ द्यायची आणि साडेआठला दारात उभं राहायचं. गेल्या गेल्या नमस्काराच्या आधी बॉनेटवर तळहात. गरम लागलं की, "आधीच चालू करून ठिवली. काय लपवून राहिले?" मग गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या रुमालावर घ्यायचं, रंग बघायचा, वास घ्यायचा. करपट वास आला की गाडी बाद. मग ब्रेकवर पाय ठेवून रिव्हर्सचा गिअर टाकायचा. "एक म्हणायच्या आत पकडलं पाहिजे. दोन म्हणावं लागलं की आपण आपल्या घरी." शेवटी रस्ता. दोन सीटांच्या मधल्या खोलगट जागेत घडी केलेला रुमाल, त्यावर स्टीलचा पेला, त्यात दोन बोटं कमी इतकं पाणी. गिअर बदलताना पाणी हललं तर चालेल, पेल्याबाहेर आलं तर गिअरबॉक्समध्ये खोट आहे. गाडी चालवणार स्वतः काका. "हातात घेतल्याबिगर गाडी कळत न्हाई," म्हणायचे. माझ्याकडं लायसन होतं, अपघाताच्या आधी शिकले होते, पण तपासणीत मला स्टिअरिंगला हात लावू देत नसत.

पेल्याचं पाणी ते नांदेडहून बाटलीत आणायचे. त्या वर्षी लातूरला कुणाच्या घरी पाणी मागणं म्हणजे त्यांच्या तोंडातला घास मागणं. उलट पाहुणा गेला तर एक कॅन भरून न्यायचा. आम्हीही पहिली गाडी बघायला लातूरला गेलो तेव्हा कॅन घेऊनच एसटीत चढलो. गाडी एका रिटायर पोस्टमास्तरांची होती. दोघंच म्हातारा-म्हातारी. पाण्याला कंटाळून पुण्याला मुलीकडं जायचं चाललं होतं आणि जायच्या आधी गाडी विकायची होती. गाडी थंड सापडली. तेल चांगलं निघालं. रिव्हर्स एक म्हणायच्या आत पकडला. मी मनातल्या मनात भोकरच्या रस्त्याला लागले सुद्धा.

रस्त्यावर काकांनी गाडी घेतली आणि पहिल्याच गिअरला पाणी सांडलं. पुढच्याला पुन्हा. रुमाल भिजला. परत येऊन काकांनी किल्ली पोस्टमास्तरांच्या हातावर ठेवली.

"मास्तर, गिअरबॉक्स गेला तुमचा. आज न्हाई तर उद्या रस्त्यात सोडंल. लांब नेऊ नका हिला."

"मला तर कधी धक्का लागला नाही हो," मास्तर म्हणाले. "सहा वर्षं चालवतोय."

"तुम्हाला सवय झाली त्याची. सवय झाली की धक्का कळत न्हाई."

म्हाताऱ्यानं किल्ली खिशात टाकली. त्यांच्या बायकोनं आम्ही नेलेला कॅन दोन्ही हातांनी उचलून आत नेला आणि चहा केला. काकांनी चहा उभ्यानं घेतला.

दुसरी गाडी अर्धापूरची, केळीच्या व्यापाऱ्याची. सीटांना पिकल्या केळाचा वास मारत होता, बाकी गाडी झकास. पाणी सांडलं. व्यापारी भांडायला उठला. "मी हिच्यात लेकीचं वऱ्हाड हैदराबादला नेऊन आलो, आन् तुम्ही एका गिल्लासावर हिला नापास करून राहिले?" काकांनी त्याला ओला रुमाल दाखवला आणि नकाराचं बोट हलवत निघून आले. तिसरी नांदेडमधल्याच एका डॉक्टरीण बाईंची. तिचंही तेच. मी म्हटलं, "काका, सगळ्याच ऑटोमॅटिक गाड्या खराब असतात का?" तर म्हणाले, "हाव, तसंच दिसून राहिलं." पण तेही बेचैन होते. दुपारभर डोक्यावर त्यांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. इकडून तिकडं, तिकडून इकडं. खाली माझीही तीच गत, फक्त मला लंगडत फिरावं लागायचं.

उन्हाळा तापला. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, गल्लीत टँकरपाशी रोज भांडणं. त्यात माझा हुकूम आला. सोमवारी नव्या जागी हजर व्हायचं, नाहीतर बढती नको असं लिहून द्यायचं. नवऱ्यानं तो कागदही कोऱ्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला, फक्त सही बाकी. चिडून तरी कुणावर चिडणार. शनिवारी मी आणि काका शेवटची गाडी बघायला उदगीरला गेलो.

विकणारा प्लॉटचा धंदा करायचा. उदगीर नवा जिल्हा होणार, कलेक्टर ऑफिस अमक्या रस्त्याला येणार, हे त्यानं आम्हाला दारातच सांगितलं. जिल्हा झाला की तो मोठी गाडी घेणार होता, म्हणून ही काढायची. काका बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "जिल्हा होऊ द्या सावकाश. आधी किल्ली आणा." गाडी थंड होती. तेल लालभडक. रिव्हर्स झटक्यात पकडला. मी काही म्हणजे काही मनात आणलं नाही, मागच्या तीन वेळी आणून बघितलं होतं.

देगलूरच्या रस्त्याला लागलो. मालक मागं बसून जिल्ह्याचं सांगत होता. मी काकांच्या शेजारी, डोळे पेल्यावर. इंजिनाचा आवाज चढला, बदलला, आणि पाणी उडालं. संपलं, म्हटलं. घरी जाऊन सही करायची. मान खाली घातली ती वर करायची इच्छाच होईना, आणि मान खाली होती म्हणून मला काकांचा डावा पाय दिसला.

अपघातानंतर मला एक खोड लागली आहे, मी माणसांचे पाय बघते. कोण कुठल्या पायावर जोर देतं, कोण लपवतं, रस्त्यानं जाताना दिसतच राहतं. आवाज पुन्हा चढला तसा तो जाड पिंडरीचा पाय मॅटवरून उठला, पुढं गेला, ब्रेकच्या रुंद पायडलाच्या कडेला जरासा टेकला आणि परत जागेवर आला. त्याच क्षणी धक्का बसला आणि पाणी सांडलं. काकांची नजर समोर रस्त्यावर होती, कान इंजिनात होते, पायाची त्यांना खबरही नव्हती. क्लच नसलेल्या गाडीत ते क्लच दाबत होते. मी आणखी तीनदा बघितलं. तिन्ही वेळा तेच.

मला लई राग आला. चार महिने. तीन चांगल्या गाड्या. तो लिहून ठेवलेला कागद. तोंडावर आलं होतं बोलायचं, पण मागं परका माणूस बसलेला, आणि गल्लीभर ज्यांच्या कानाची आण घेतात ते काका बाजूला घाम पुसून राहिलेले. माझ्यासाठी माडी चढून गेलेला माणूस.

"काका, थांबवा. मी चालवते."

"तपासणी चालू हाय, सिस्टर."

"राहिलेली मी करते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे, गाडी कडेला घेतली. पेला परत भरला, बाटलीत तेवढंच पाणी उरलं होतं. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दोन वर्षांनी स्टिअरिंग हातात आलं होतं. डावा पाय कोपऱ्यात नेऊन ठेवला, त्याला काही कामच नव्हतं. उजव्या पायानं ब्रेक सोडला तशी गाडी आपसूक रांगायला लागली. वेग दिला. इंजिनाचा आवाज चढला, बदलला. पेल्यातलं पाणी थोडं डुललं आणि तिथंच राहिलं. मागचा मालक बोलायचा थांबला.

दोन-तीन किलोमीटर तसेच गेलो. काका आधी पेल्याकडं बघत होते, मग माझ्या पायांकडं, मग कितीतरी वेळ स्वतःच्या पायाकडं. देऊळ आलं तिथं म्हणाले, "थांबवा जरा." उतरले, चपला काढल्या, एका दगडावर बसले. नऊ वर्षांत मी त्यांना एवढा वेळ बसलेलं पहिल्यांदा बघितलं.

"कधी बघितलं तुम्ही?"

"आत्ताच, काका."

"आधी कामून न्हाई?"

"आधी सगळे पाण्याकडंच बघत होतो."

त्यांनी मान हलवली. "समद्याला सांगत फिरलो, पाय डोक्याला इचारत न्हाई म्हणून. माझंच मला ऐकू आलं न्हाई, बगा." मग उठले आणि गाडीच्या मालकाला म्हणाले, "गाडी पास हाय. खोट माझ्यात व्हती." तो बिचारा कशाला नाही म्हणतोय. दुपारपर्यंत कागद झाले, गाडी माझी झाली.

उदगीरहून नांदेड सरळ वर. काका म्हणाले, "लातूरला घ्या." मी म्हटलं, उलटा रस्ता आहे, ऊन केवढं आहे. "मला ठावं हाय. तुम्हाला न्हाई जमत तर मला स्टँडवर सोडा, मी एसटीनं जातो." ते मागच्या सीटवर बसले होते, पुढं यायला तयार नव्हते. मी गाडी लातूरकडं घेतली.

पोस्टमास्तरांचं घर तसंच होतं. ते पुण्याला गेले नव्हते, मुलीकडं काही अडचण निघाली होती. गाडी अंगणात मेणकापडाखाली उभी होती आणि तिच्यावर धूळ साचली होती. मास्तरीणबाईंच्या मनगटाला फडकं बांधलेलं. मी नर्स, माझी नजर आधी तिथं गेली. विचारलं तर म्हणाल्या, "घागरी वाहून वाहून सुजलंय. बोअर लांब हाय ना. आधी हे गाडीत कॅन टाकून आणायचे. तुम्ही सांगून गेलात तसं यांनी किल्लीला हात लावला नाही. म्हणाले, पाण्यासकट रस्त्यात बंद पडली तर कुणाला हाक मारायची?"

सगळा उन्हाळा त्या दोघांनी पाणी हातानं वाहिलं होतं. काका अंगणात उभे होते. उभे म्हणजे अगदी खांब. मग मास्तरांच्या पुढं गेले.

"मास्तर, मी तुमच्या गाडीला खोटं ठरीवलं. गाडीत कायबी न्हाई. माझा हा पाय क्लच शोधतो, आन् ब्रेकवर पडतो. धक्का माझा व्हता. तुम्ही बरोबर सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई."

"मग मी सहा वर्षं नीट चालवत होतो म्हणायचं," मास्तर एवढंच म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. बाई मात्र बोलल्या. "माणसानं इतकं खात्रीनं बोलू नये हो. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला." काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

बॅटरी बसली होती. माझ्या गाडीची बॅटरी वायरनं जोडून त्यांची गाडी चालू केली. काकांनी घरातले चार रिकामे कॅन मागं टाकले, मास्तरांना शेजारी बसवलं आणि डावा पाय दुमडून मांडीखाली घेतला. अर्धी मांडी घालून, एका पायानं, पूजेला बसल्यासारखे गाडी चालवत बोअरवर गेले. पुढं ते कायम अशीच गाडी तपासायचे, आणि लोक हसले तरी पाय खाली सोडायचे नाहीत. येताना मास्तर चालवत आले. त्यांनी हॉर्न वाजवला तेव्हा बाई दारात आल्या आणि फडक्याच्या हातानं पदर सारखा केला.

अर्धापूरला आणि डॉक्टरीण बाईंकडं ते पुढच्या दोन दिवसांत सायकलवर जाऊन आले. व्यापाऱ्यानं गाडी पडत्या भावात देऊन टाकली होती. तो काय काय बोलला ते काकांनी सांगितलं नाही, पण आल्यावर दिवसभर वरून येरझाऱ्यांचा आवाज आला नाही.

त्या शनिवारी लातूर ते नांदेड सगळा रस्ता मी चालवला. काका मागच्याच सीटवर. मधे मी दोनदा घोटा चोळायला थांबले. सवयीनंच थांबले, दुखत काही नव्हतं. दिवेलागणीला गल्लीत शिरलो तर माझा नवरा फाटकात उभा होता, हातात तो कागद आणि पेन. सही करून रविवारी कुणाबरोबर तरी पाठवायचा त्याचा विचार होता. गाडी बघून तो चकित झाला, चारी बाजूंनी फिरून आला आणि मागचं दार उघडून आत वाकला.

"काका, कशी हाय गाडी? चालंल का हिला भोकरपर्यंत?"

काका उतरले. अंगावरची धूळ झटकली.

"मला इचारू नका, गुरुजी. मला त्यातलं कळत न्हाई. सिस्टरला इचारा," म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

नवरा माझ्याकडं वळला. मी त्याच्या हातातला कागद घेतला, चार तुकडे केले आणि सोमवारी डबा किती वाजता लागेल ते सांगितलं.